ऊन दाखवलेल्या बाहुल्या

अश्विन सरत आला की जव्हारभर कापलेल्या भाताचा वास सुटतो. ओल्या पेंढीचा, तिच्याखालच्या आंबूस मातीचा, आणि मध्येच कुठून तरी नागली भाजल्याचा. बाहेरून येणारी माणसं छाती भरून हा वास घेतात आणि म्हणतात, काय सुंदर हवा आहे हो तुमच्याकडे. मी मान डोलावते. एवढी वर्षं इथं काढूनही मला हा वास सोसत नाही, हे पाहुण्याला कशाला सांगायचं?

परवा सकाळी पाऊस उघडला, चांगलं कडकडीत ऊन पडलं. माझ्याकडे कामाला येणारी मंजुळा पदर खोचून म्हणाली, "बाई, गाद्यांना ऊन दाखवू काय?"

"वाळत घाल म्हण," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटतं, मी मास्तरांची बायको, तेव्हा मला शब्दांचा सोस असणारच. गाद्यांना, लोणच्याच्या बरणीला, डाळींना, पापडांना सगळा महाराष्ट्र ऊन दाखवतो. मी दाखवत नाही. मी वाळत घालते, उन्हात ठेवते, बाहेर काढते. ते दोन शब्द तेवढे माझ्या तोंडून येत नाहीत, आणि दुसऱ्याच्या तोंडून आले तरी मी ते दुरुस्त करते.

त्याच दिवशी माधव आला. माझ्या भावाचा मुलगा, मुंबईत माहितीपट काढणाऱ्यांकडे काम करतो. हुशार आहे, पण सतत घाईत असतो. चहाचा पेला हातात धरून, पायातला बूटही न काढता ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आत्या, तुमच्या भागातल्या कोणत्या बाहुलीवाल्यांवर माहितीपट काढण्यासारखा आहे? उत्तरेकडचे ते लांब घागऱ्यांच्या बाहुल्यांचे आहेत, तळकोकणातले चामड्याच्या सावल्यांचे आहेत. आम्हाला आपल्या डोंगरातलं कोणी तरी हवंय."

"होते ना," मी म्हटलं.

"होते नको आत्या, आहेत ते सांग. जिवंत हवेत, हात चालायला हवेत. घर जरा पडकं असलं तर उत्तमच. पडद्यावर उठून दिसतं."

ही चेष्टा आहे की त्याच्या धंद्याची रीत, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. तेवढ्यात त्यानं घड्याळ पाहिलं, नाशिकची एसटी चुकेल म्हणाला, आणि नमस्कार करून गेलासुद्धा. चहा अर्धा तसाच राहिला. मी ओट्यावर बसून राहिले. समोर दोरीवर गाद्या, वर ऊन, नाकात तो वास. सांगू कोणाला आणि काय?

तेव्हा इथं संस्थान होतं. मी नाशिकच्या बाजूची, लग्न होऊन इथं आले. आमचे हे संस्थानच्या शाळेत मास्तर होते. पहिल्या पावसाळ्यात मी इतकी रडले की ह्यांना वाटलं, माहेरी परत पाठवावं लागणार. धुकं घरात शिरायचं, चुलीतलं लाकूड पेटायचं नाही, आणि शेजारणींचं बोलणं निम्मं कळायचं नाही. इथली माणसं घरात आपापली बोली बोलतात, मराठी आमच्यासारख्यांसाठी काढून ठेवलेली. मग दसरा आला, आकाश धुवून निघालं, शाळेमागच्या माळावर गवत सोनेरी झालं, आणि एका संध्याकाळी दिवे लागल्यावर मी पहिल्यांदा देवजी आणि बुधीचा खेळ पाहिला. त्या दिवसापासून मी जव्हारची झाले, असं मी सांगते. ते खरं आहे.

देवजी आणि बुधी, नवरा-बायको. दाभोशाच्या वाटेवरच्या एका पाड्यावर राहायचे. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे, आणि नवं धान्य घरात आलं की बाहुल्यांची करंडी डोक्यावर घेऊन पाडे पालथे घालायचे. जव्हार, मोखाडा, मधली सगळी गावं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची मुंडकी, जुन्या लुगड्यांचे अंगरखे, आणि वरून काळ्या दोऱ्या. काळ्या कापडाचा पडदा, त्याच्या मागे हे दोघं, पुढे जमिनीवर रॉकेलच्या दोन चिमण्या. बस, एवढंच. पण चिमण्यांच्या उजेडात धान्याची देवी कणसरी यायची, केसांत भाताची लोंबी माळलेली, आणि डाव्या बाजूनं ढेरपोट्या कारभारी यायचा, ज्याला वाघाची भीती वाटायची आणि ते कबूल करायची त्याहून जास्त भीती वाटायची. कणसरीच्या दोऱ्या आणि आवाज बुधीचा, कारभाऱ्याच्या दोऱ्या आणि आवाज देवजीचा. संस्थानचे खरे कारभारी पुढे बसून पोट धरून हसायचे. खेळात कणसरी रुसून डोंगरात निघून जाते आणि कारभाऱ्याला ती शोधायला वाघाच्या रानात जावं लागतं. दर वर्षी तेच आणि दर वर्षी माणसं श्वास रोखून बघत.

आणि शेवटी हात यायचा.

खेळ संपला, कणसरी परतली, बाहुल्या निजल्या की काळ्या पडद्याची खालची कड उचलली जायची आणि देवजीचा एक हात बाहेर यायचा. नुसता हात, तळवा वर केलेला. तर्जनीवर दोरीनं चिरून चिरून खाच पडलेली. त्या हातावर प्रत्येकानं मूठभर नवं धान्य ठेवायचं. पोरं हाताला शिवून पळून जायची. मीसुद्धा त्या संध्याकाळी मूठभर नागली ठेवली, तळवा गरम होता. जव्हारमधलं प्रत्येक पोर त्या हाताला ओळखायचं. दुसऱ्या दिवशी बाजारात देवजी शेजारून गेला तर मात्र त्याच्याकडे कोणी वळून पाहत नसे. तो बुटका, काळा, खाली मान घालून चालणारा माणूस होता.

दिवसा ते करंडीचं झाकण उघडत नसत. शाळेतली पोरं मागे लागायची, एकदाच दाखव, नुसतं तोंड दाखव. बुधी म्हणायची, "निजल्यात." मला वाटायचं, खेळाची उत्सुकता राहावी म्हणून ही युक्ती.

मी सांगतेय त्या वर्षी पावसाळ्यात तापाची साथ आली आणि त्यांचा मुलगा गेला. चौदा-पंधराचा असेल. त्याला देवजीच्या दोऱ्या शिकवायला नुकती सुरुवात झाली होती. आणि पाऊस संपता संपता देवजी खोकायला लागला. बुधी आमच्या मागल्या दारी पत्रावळींसाठी पळसाची पानं घेऊन यायची. पानं उतरवून ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि पानांकडे बघत म्हणाली, "त्याचं रगत पडतं."

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते? वैद्यांचा काढा चालू होता, मोखाड्याहून कोणी अंगारा आणून दिला होता. क्षयाचं नाव आम्ही दोघींनी घेतलं नाही.

"दोघांचा खेळ हाय बाई," ती म्हणाली. "माझ्या दोऱ्या मना येतात. त्याच्या मना नाय येत. त्यानं कधी दिल्याच नाय हातात, पोराला देईन म्हनायचा. त्यो गेला का कारभारी गेला. कारभारी नाय त कणसरीला आनायला कोन जाईल? ती डोंगरातच राहील."

बाहुलीच्या खेळाबद्दल माणूस इतकं मेटाकुटीला येऊन बोलू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याला मुंबईहून एक गृहस्थ हलत्या चित्रांची पेटी घेऊन आले. दरबार, घोडे, स्वारी, सोनं लुटणं, सगळ्याचं चित्र त्यांनी काढलं. माणूस सज्जन होता, उन्हानं नाक सोललेलं, सतत आकाशाकडे बघत चालायचा. गावानं त्यांचं नाव पेटीवाले ठेवलं. जायच्या आधी ते ह्यांना म्हणाले, "मास्तर, थोडी फीत उरली आहे. खास इथलं असं काही तरी सांगा." ह्यांनी क्षणाचाही विचार न करता देवजी-बुधीचं नाव घेतलं. बघा, माधवचा प्रश्न काही नवा नाही. कोणत्या बाहुलीवाल्यांचं चित्र काढावं, हे तेव्हाही कोणी तरी विचारलं होतं आणि आमच्याकडे तेव्हा उत्तर होतं.

मी बुधीला पेटी म्हणजे काय ते समजावलं. तिला पटेना.

"माणूस जसा आहे तसा तिच्यात राहतो," मी म्हटलं. "पुढं कधीही दिवा लावून पडद्यावर बघता येतो."

"तसबिरीसारका?"

"नाही, हलता. हात हलवील, चालेल."

"गेल्यावर पन?"

"गेल्यावर पण."

मग ती म्हणाली, "खोकल पन?"

"आवाज येत नाही त्यात."

"मंग बरं," ती म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा भरभर चालताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आमच्या ओटीवर आले. पेटीवाले खुर्चीत, देवजी पायरीपाशी उकिडवा, करंडी मांडीशी धरून. खेळ दिव्यांच्या उजेडात करायचा असतो हे ऐकल्यावर पेटीवाले हसले. म्हणाले, "चिमणीच्या उजेडात माझ्या पेटीला काही दिसत नाही बुवा. तिला भरपूर सूर्य लागतो. तुम्ही काही काळजी करू नका. फक्त बाहुल्यांना ऊन दाखवा, बाकीचं माझ्यावर सोडा."

देवजी उठला. सगळ्यांना हात जोडले, करंडी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून चालू लागला. बुधी जमिनीकडे बघत तशीच बसलेली.

पेटीवाले गोंधळले. "काय झालं? माझं काही चुकलं का?" त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. कोणालाच काही कळलं नाही. मग बुधीही उठून देवजीच्या मागे गेली.

कळलं ते दुसऱ्या सकाळी, मागल्या दारी. "ऊन दाखवनं म्हंजे आमच्यात काय ठावं हाय?" बुधीनं विचारलं. आणि मग सांगितलं. बाहुलीचं लाकूड किडलं, मान तडकली, ती नाचायची राहिली, की तिला न्हाऊ घालायचं, हळद लावायची, तोंडाला नव्या तांदळाचा घास लावायचा. आणि मग झाकण काढून, उघड्या तोंडानं, भर उन्हात दाभोशाच्या धबधब्याखाली नदीवर न्यायची आणि पाण्यात सोडायची. बाहुली जन्मात एकदाच ऊन बघते, मेल्यावर. ऊन बघितलेली बाहुली पुन्हा नाचत नाही. तिला नाचवायचीच नाही.

पेटीवाल्यांनी सरळ मनानं जे सांगितलं, ते त्या दोघांच्या कानांवर असं पडलं होतं: बाहुल्यांना मारा, मग मी चित्र काढतो.

"मग राहू दे बुधी," मी म्हटलं. "नको ते चित्र."

नाही अशी मान हलवून ती पाड्याकडे निघाली.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या पाड्यावर गेलो. पेटीवाले फार थांबणार नव्हते, एवढं सांगायचं होतं. कारवीच्या कुडाची झोपडी, बाहेर भात पसरलेलं. आत बोलणं चाललं होतं आणि आम्ही दाराशी आलो तरी ते थांबलं नाही. कोणाची लाज धरण्याच्या पलीकडे दोघंही गेली होती.

"त्या जित्या हायेत," देवजी म्हणत होता.

"आन तू?"

तो खोकला. खोकला संपेपर्यंत ती थांबली.

"तू गेल्यावर काय करू मी त्यांचं?" ती म्हणाली. "करंडीत उंदीर खातील. मी येकटी बसून कणसरीला नाचवू, आन कारभारी कोपऱ्यात पडलेला बघू? त्यापरीस त्यांना ऊन दाखव. तू हायेस तवर दाखव. तू त्यात ऱ्हाशील. बाई बोलली, हलता ऱ्हाशील."

"पोराला दाखवलं त्या उनानं तुजं भागलं नाय?"

आम्ही दारातच उभे. बऱ्याच वेळानं देवजीच बाहेर आला, ह्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "सायबाला सांगा, उंद्या या."

या निर्णयावर मी आयुष्यभर विचार करत आले आहे. कधी वाटतं, बुधीनं दुष्टपणा केला. कधी वाटतं, तिच्याइतकं प्रेम मी कोणावर केलं नाही. माणूस जातोय हे ठरलेलं. त्याच्या हातातली एकच गोष्ट जिवंत आहे, आणि त्याला ठेवायचं तर तीच द्यावी लागणार. हा सौदा करायची वेळ माझ्यावर आली नाही, म्हणून मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस म्हणजे लहरी पाहुणा, गेला म्हणावं तर दारात उभा. पाड्यावरच्या खळ्यात पेटी तीन पायांवर उभी केली होती, समोर दोन बांबूंना काळा पडदा बांधला होता, आणि आम्ही सगळे ढगांकडे बघत बसलो होतो. बुधीनं सकाळीच सगळं आटोपलं होतं. कणसरीला, कारभाऱ्याला, वाघाला, सगळ्यांना न्हाऊ घातलं होतं, हळद लावली होती, ओठांना नव्या भाताची शितं. पाड्यावरची माणसं जमली होती. बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पेटीवाले त्यांना उत्साहानं म्हणाले, "अहो, जरा हसा की. खेळ आहे ना?" कोणी हसलं नाही.

देवजी पडद्याच्या मागे झोपडीच्या कुडाला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याचा श्वास मला दुरून ऐकू येत होता. माझ्या मनात आलं, आज ऊन पडूच नये. दिवसभर असंच राहावं, पेटीवाल्यांनी सामान बांधावं, आणि दिवेलागणीला करंडी उघडावी. मग बुधीकडे लक्ष गेलं. ती ढगातल्या एका फटीकडे एकटक बघत होती.

ढग फाटले आणि ऊन पडलं.

मी खळ्याच्या कडेला उभी होते. त्यामुळं मला पडद्याची पुढची बाजूही दिसत होती आणि मागचीही. एवढी वर्षं मी पुढं बसून खेळ पाहिला होता. मागं काय असतं ते त्या दिवशी पाहिलं. दोघं एकमेकांना खांदा लावून उभे होते, कमरेत वाकलेले. बुधीच्या हाताखालून देवजीचा हात जायचा, त्याच्यावरून परत तिचा, आणि दोऱ्या एकदाही एकमेकींत अडकत नव्हत्या. वाघ यायचा तेव्हा देवजी कारभाऱ्याच्या दोऱ्या बांधलेली फळी दातांत धरायचा आणि मान हलवून त्याला थरथर कापवायचा. आम्ही ज्या कापण्यावर इतकी वर्षं हसलो, ते हे होतं. त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. पेटीत आवाज जाणार नाही हे सांगूनही दोघं सगळं बोलत होते, एकही वाक्य गाळलं नाही. आणि पुढं, उघड्या उन्हात, हळदीनं पिवळी झालेली कणसरी अशी नाचत होती की पाड्यावरची एक म्हातारी डोळे झाकून घेऊन म्हणाली, "नको गं बाय."

कणसरी रुसून डोंगरात गेली. कारभारी वाघाच्या रानात निघाला. त्याला ती सापडली. दोघं परत निघाली, आणि पेटीचा दांडा थांबला.

"संपली फीत," पेटीवाले आनंदानं म्हणाले. "छान झालं. अप्रतिम." आणि ते पेटी उतरवायला लागले.

पडद्यामागे हे कोणाला कळलं नाही. खेळ पुढं चालू राहिला. कणसरी घरी आली, बाहुल्या निजल्या, पडद्याची कड उचलली गेली आणि हात बाहेर आला. तळवा वर. उन्हात तो हात मी पहिल्यांदाच पाहत होते. किती लहान होता.

कोणी पुढं झालं नाही. मयताला कोणी घरून धान्य घेऊन येत नाही, आणि पाड्याच्या लेखी ते मयतच होतं. मीही रिकाम्या हातांनी उभी. हात बराच वेळ तसाच राहिला, बोटं थोडी मिटली, पुन्हा उघडली. मग तो आत गेला.

ऊन असतानाच त्यांनी बाहुल्या नदीवर नेल्या. मी गेले नाही, मला जायचा अधिकार नव्हता.

देवजी त्याच थंडीत गेला. बुधी पाडा सोडून मोखाड्याला गेली, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. पत्रावळीची पानं दुसरी कोणी तरी आणू लागली.

मग शिमग्याच्या सुमाराला पेटीवाले परत आले, तयार चित्रं घेऊन. आधी ती मानकऱ्यांनी पाहिली, आणि मग एक संध्याकाळ सगळ्या प्रजेसाठी ठेवली. माळावर मोठा पांढरा पडदा उभारला. एवढी माणसं जव्हारात मी दसऱ्यालाही पाहिली नव्हती. मी ह्यांच्याकरवी बुधीला निरोप पाठवला होता. ती मोखाड्याहून चालत आली. अंगावर धुतलेलं लुगडं, पायांना रस्त्याची धूळ, आणि पदराला एक गाठ. माझ्या शेजारी बसली. गाठीत काय आहे, मी विचारलं नाही.

दिवा लागला, यंत्र घरघरलं आणि पांढऱ्या पडद्यावर कणसरी आली.

जसंच्या तसं होतं सगळं. नाचणं, रुसणं, कारभाऱ्याचं पोट. माणसं हसली, पोरं ओरडली, "कारभारी, कारभारी." चित्र मुकं होतं. माझ्या शेजारून हलका आवाज आला. बुधी कणसरीचं बोलत होती. मग कारभाऱ्याचं वाक्य आलं, आणि तिनं तेही म्हटलं, देवजीच्या आवाजात, घोगरं, नाकातून. जिला त्याच्या दोऱ्या कधी मिळाल्या नव्हत्या तिला त्याचा आवाज सगळा पाठ होता. मांडीवर तिची बोटं हलत होती. पुढचा एक जण वळून म्हणाला, "ए बाई, गप बस की." ती गप्प बसली, पण बोटं हलत राहिली.

"दोरी दिसत नाय," ती माझ्या कानाशी म्हणाली.

खरंच दिसत नव्हती. उन्हात दोरी दिसते म्हणून दिवसा नाचवायचं नाही, असंही एक कारण तिनं मला कधी तरी सांगितलं होतं. पण चित्रात एकही दोरी उठली नव्हती. बाहुल्या आपल्याआपण नाचत होत्या. देवजीची आयुष्यभराची कसोटी होती, दोरी दिसू नये, माणूस दिसू नये. तो इतका पक्का उतरला होता की कुठंच नव्हता.

कणसरी सापडली. दोघं परत निघाली. बुधीनं पदराची गाठ सोडली आणि मूठ भरून घेतली. नागली होती. त्या दिवशी हात रिकामा आत गेला होता, ते ती विसरली नव्हती. ती अर्धवट उठून, मूठ पुढं करून, पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत राहिली.

पडद्यावर घोडे आले. दसऱ्याची स्वारी सुरू झाली. माणसांनी जयजयकार केला.

"हात?" ती म्हणाली.

मी तिचं मनगट धरलं. हात येण्याआधीच फीत संपली होती, हे मला ठाऊक होतं. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि गर्दीतून वाट काढत निघाली. मला वाटलं, ती घरी जाते आहे. ती पडद्याच्या मागे जात होती. जन्मभर पडद्यामागं उभी राहिलेली बाई. बाहुल्या पुढं नाचत असतील तर नाचवणारा मागं असणारच, यात तिला शंका कशी येणार?

मी तिच्यामागे धावले. पडद्यामागे गवत होतं, दोरखंड ताणून खुंट्यांना बांधले होते, आणि कापडातून पाझरणाऱ्या उजेडात घोडे उलट्या दिशेनं चालले होते. बाकी काही नव्हतं. बुधी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. खाली वाकून पडद्याची कड उचलून पाहिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती अगदी सरळ, काम विचारल्यासारखं विचारत होती.

"बाई, कठं बसवला त्याला?"

घोडे संपले, पालखी आली, पालखी संपली. बुधी पडद्याच्या बरोबर मध्यावर बसली, मुठीतली नागली कडेपाशी जमिनीवर ठेवली, आणि वर बघत राहिली. शेवटी दिवा विझला. ती उठली आणि काळोखातच मोखाड्याच्या वाटेला लागली. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही. सकाळी माळ झाडायला आलेल्यानं पानं, कागद, नागली, सगळं एकत्र झाडून टाकलं.

त्या फितीचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. कुठं तरी असेल तर बाहुल्या अजून नाचत असतील.

माधव, तू नाव विचारलं होतंस. देवजी आणि बुधी ही नावं तुझ्या उपयोगाची नाहीत, ते दोघंही नाहीत आणि पाड्यावर आता त्यांना कोणी ओळखत नाही. पण तू पुन्हा आलास तर मी तुझ्याबरोबर दाभोसा, मोखाडा, वांगणी, जिथं म्हणशील तिथं येईन. करंडी डोक्यावर घेऊन फिरणारं कोणी अजून असलं तर शोधू. फक्त त्या आधी एक सांग. बूट काढून बस, चहा पुरता पी, आणि सांग. खेळ संपला असं तुला वाटेल, फीतही संपत आली असेल, एसटीची वेळ झाली असेल. तेव्हा हात बाहेर येईपर्यंत तू थांबशील का?